ढेकूण मागच्या गावचा

2023 च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या संसदेत मातिल्द पानो नावाच्या विरोधी पक्षाच्या खासदार बाई हातात एक छोटी कुपी घेऊन उभ्या राहिल्या. कुपीत ढेकूण होते. पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांच्यासमोर ती कुपी धरून, सरकार याचं काय करणार आहे, असा जाब त्यांनी विचारला. आपल्याकडे आमदार गळ्यात कांद्याच्या माळा घालून विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसतात, त्याची आपल्याला सवय आहे. पण कांदा आणणं सोपं. कांदा शेतकऱ्याचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘बाई, हे ढेकूण तुम्ही कुठून आणलेत?’ असं एखाद्या सत्ताधाऱ्याने उठून विचारलं असतं तर सभागृहाचा रागरंगच पालटला असता.

त्या दिवसांत पॅरिसचा माणूस मेट्रोत रिकामी सीट दिसली तरी उभा राहत होता. ऑलिंपिक वर्षाच्या आत येऊन ठेपलं होतं आणि उपमहापौरांनी, यातून कुणीच सुटणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून जनतेचा उरलासुरला धीर घालवला होता. वास्तविक तिथल्या सरकारी आरोग्य-सुरक्षा संस्थेचा अहवाल त्याच उन्हाळ्यात आला होता. 2017 ते 2022 या काळात फ्रान्समधल्या 100 पैकी 11 घरांत ढेकूण झाले होते. म्हणजे ही मंडळी काही काल आलेली नव्हती. तरी एका वृत्तवाहिनीच्या निवेदकाने, याचा स्थलांतरितांशी काही संबंध आहे का, असं चर्चेत विचारून गदारोळ उडवून दिला. पुढे मार्च 2024 मध्ये युरोपविषयक मंत्र्यांनी जाहीर केलं की, समाजमाध्यमांवर ही घबराट फुगवण्यात रशियाशी संबंधित खात्यांचा हात होता. ढेकूण फ्रेंच आणि घबराट रशियन, अशी वाटणी होऊन तो विषय मिटला.

जगात ढेकूण भरपूर आहेत, पण ते कुणाचेच नाहीत, असं माझं मत यातून बनत गेलं. झुरळ आपण आपलं म्हणून मान्य करतो. मुंग्यांना तर साखर ठेवणारी माणसं आहेत. पाल घरचीच असते, नुसती ‘चुकचुकली’ म्हणून शुभाशुभही सांगते. ढेकूण मात्र कायम दुसरीकडून आलेला असतो. लंडनमध्ये 1730 साली जॉन साउथॉल नावाच्या गृहस्थाने ढेकणांवर एक पुस्तकच लिहिलं. त्याचा ढेकूण मारायच्या औषधाचा धंदा होता आणि औषधाची कृती आपल्याला जमैकातल्या एका म्हाताऱ्याने दिली, असं तो सांगे. 1666 च्या मोठ्या आगीनंतर लंडन पुन्हा उभारताना बाहेरच्या देशांतून जे लाकूड आणलं, त्यातून ढेकूण इंग्लंडात शिरले, असा त्याचा सिद्धांत होता. साहेबाने अर्ध्या जगातून जे जे उचलून आणलं, त्यातल्या एवढ्या एकाच गोष्टीची त्याने प्रामाणिक नोंद ठेवलेली दिसते.

आमच्या चाळीतही ढेकूण आमचे नव्हते. ते पलीकडच्या बिऱ्हाडातून भिंतीच्या फटीतून येत. पलीकडच्यांचं मत बरोबर उलटं होतं. पण भांडण तात्त्विक पातळीवर ठेवून खाटा मात्र सगळ्यांच्या एकाच रविवारी गॅलरीत निघत. सांध्यांत उकळतं पाणी, मग रॉकेल, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर टिक ट्वेंटी. गाद्या कठड्यावर उन्हात आणि पोरं खाटा आपटायला. त्या रविवारी चाळीत कुणाचं कुणापासून काही लपलेलं नसे. सिनेमाच्या थेटरात तर पडद्यावर नायिका रडत असताना अख्खी रांग एका लयीत खाजवायची आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पुढे आम्ही ब्लॉकमध्ये गेलो, खाटेच्या जागी बॉक्सचा पलंग आला, ढेकूण दिसेनासे झाले, आणि ढेकूण ही गरिबीची गोष्ट असून ती आपण चाळीतच सोडून आलो, अशी समजूत घेऊन मी पन्नाशी ओलांडली.

ती समजूत स्पेनमध्ये संपली.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोंपोस्तेला नावाचं तीर्थक्षेत्र आहे. तिथे पायी जायच्या वाटांना कामिनो म्हणतात. त्यातली सगळ्यात वर्दळीची वाट फ्रान्सच्या हद्दीतल्या सां-झां-पिए-द-पोर गावातून निघते, पिरेनीज पर्वत ओलांडते आणि सुमारे 780 किलोमीटर चालवते. 2024 मध्ये जवळपास 5 लाख लोकांनी, निदान शेवटचे 100 किलोमीटर चालून, तिथलं प्रमाणपत्र घेतलं. निवृत्तीनंतर आपणही जावं असं मी जाहीर केलं तेव्हा ताईने माझ्याकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि आपल्या मुलीला माझ्यासोबत धाडलं. माझी ही भाची हिंजवडीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात पाठीला बोचकं लावून जग हिंडते. देवळं, चर्च, राजवाडे यांबद्दल तिला फारसं ममत्व नाही. गाद्यांबद्दल मात्र तिचा व्यासंग दांडगा आहे.

पहिल्याच मुक्कामी मी दमून पलंगावर बसायला गेलो.

“मामा, थांब! टेकू नकोस.”

मी हवेतच थांबलो. माझ्या गुडघ्यांची ती अवस्था कुणी पाहिली असती तर त्याला भरून आलं असतं.

“बॅग पण नको ठेवू. आधी बघू दे.”

तिने मोबाइलचा टॉर्च लावला, चादर कोपऱ्यातून उचकटली आणि गादीच्या शिवणीवरून बोट न लावता नजर फिरवली. मग उशीचा अभ्रा, पलंगाच्या फळ्या, स्क्रूची भोकं, भिंतीची फट. शाईच्या पेनाने टिंबं द्यावीत तसे काळे ठिपके दिसले तर ती ढेकणांची विष्ठा, एवढं ज्ञान मला उभ्याउभ्या मिळालं. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, पांढरट. अंड्यातून निघालेलं पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याला एकदा तरी पोटभर रक्त लागतं. मोठा ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, तो फक्त चालतो. या बाबतीत तो कामिनोवरच्या कुठल्याही यात्रेकरूपेक्षा वेगळा नाही. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर तो येतो, पाच-दहा मिनिटांत जेवून परत फटीत जातो. त्याच्या लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात, त्यामुळे त्याचं जेवण अडत नाही. आपली झोपही सहसा मोडत नाही. अन्न मिळालं नाही तर कित्येक महिने उपाशी राहतो. ढेकणांच्या वैवाहिक जीवनाबद्दलही भाचीने सांगितलं, पण ते इथे न लिहिलेलं बरं. ज्यांना कुतूहल असेल त्यांनी स्वतः वाचावं, मात्र जेवणाआधी नाही.

त्यानंतरचा आमचा दिनक्रम पाहून मला माझ्या आजीचं सोवळं आठवू लागलं. बॅग ओवळी, ती पलंगाला लागायची नाही. बूट दाराबाहेरच्या मांडणीत. चालताना घातलेले कपडे वेगळ्या पिशवीत, झोपायचे वेगळ्या पिशवीत, आणि या दोन पिशव्यांनी एकमेकींना पाहायचंही नाही. माझे मोजे तर तिसऱ्याच पिशवीत गाठ मारून, कारण शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रयोग करून दाखवलंय की, ढेकूण माणसाच्या मळक्या कपड्यांकडे ओढले जातात. भाचीने झोपायचा लायनर मुद्दाम पिवळा घेतला होता. ढेकणांना लाल-काळा रंग आवडतो, पिवळा-हिरवा आवडत नाही, असं अमेरिकेतल्या 2016 च्या एका संशोधनात निघालं होतं. माझा लायनर, ताईने हौसेने शिवून दिलेला, मरून रंगाचा होता. “छान, मामा,” ती म्हणाली, “तू या बाजूला झोप.” आजीचं सोवळं आणि हे सोवळं यांत फरक एकच. आजीला विचारलं, का, तर ती ‘शिवू नकोस’ म्हणायची. भाची संशोधनाचा दाखला द्यायची. शिवायला दोघीही देत नसत.

कामिनोवर उतरायच्या जागेला आल्बेर्गे म्हणतात. एका खोलीत दुमजली पलंगांच्या रांगा, रात्री दहाला दिवे बंद, सकाळी आठच्या आत बाहेर. अनेक ठिकाणी गादीला प्लास्टिकचं आवरण आणि वर अंथरायला कागदासारखी पातळ, वापरून फेकायची चादर मिळते. रात्री खोलीतल्या साऱ्यांनी कूस बदलली की पुडीत फरसाण बांधत असल्याचा आवाज येतो. व्यवस्था चांगली असते, माणसं मायाळू असतात. दोष कुणाचाच नाही. पण ढेकणाच्या बाजूने विचार केला तर याहून उत्तम सोय त्याला कुठे मिळणार? आपल्या वारीत अंथरूण-पांघरूण, तंबू, ताडपत्री सगळं दिंडीबरोबर ट्रकमधून चालतं. मुक्काम हलला की जागा मोकळी. इथे माणूस चालतो आणि पलंग जागच्या जागी. रोज संध्याकाळी नवं रक्त स्वतःच्या पायांनी, दमून, शॉवर घेऊन, पैसे भरून येतं आणि गाढ झोपतं. जाताना एखादी गर्भार ढेकणी बॅगेच्या शिवणीत बसली तर तिला पुढचं गाव फुकट पाहायला मिळतं. बाराव्या शतकात या वाटेसाठी लॅटिनमध्ये एक मार्गदर्शिका लिहिली गेली. फ्रान्समधल्या लांद भागातून उन्हाळ्यात जाताना मोठाल्या माश्यांपासून तोंड सांभाळा, असा इशारा त्यात आहे. भाचीला ती मार्गदर्शिका एकूण पसंत पडली. गाद्यांवर एक प्रकरण हवं होतं, एवढंच तिचं म्हणणं.

बर्गोस ओलांडल्यावर मेसेताचं पठार लागतं. सपाट, गव्हाची शेतं, सावली नाही. तिथल्या एका मुक्कामी सकाळी माझ्या दंडावर तीन गांध्या उठल्या, एका ओळीत, नेमक्या अंतरावर. भाचीने त्या पाहून न्याहारी, दुपारचं आणि रात्रीचं अशी त्यांची फोड केली. स्वतः तिच्या अंगावर काही नव्हतं. पिवळ्या रंगावर माझा विश्वास त्या क्षणी बसला.

आल्बेर्गे सांभाळणारी स्वयंसेवक बाई साठीची असावी. मी दंड पुढे केला. तिने चष्मा लावला आणि दंडाकडे न पाहता विचारलं,

“काल कुठे उतरला होतात?”

“मागच्या गावात.”

“तेच. तिथलेच आहेत.”

तिच्या आवाजात इतकी खात्री होती की, मलाही हलकं वाटलं. दुपारी पुढच्या गावात गेलो. तिथल्या काउंटरवरच्या तरुणाने गांध्या पाहिल्या, मान हलवली आणि बोटाने मागे दाखवलं, जिथून आम्ही आलो होतो. “मागचं गाव,” तो म्हणाला. भाची हळूच म्हणाली, “मामा, आपण उलटं चालत गेलो तर फ्रान्समध्ये पोहोचू.” मला पॅरिसचे उपमहापौर आठवले.

यातली खरी गंमत अशी की, कुणावरच आरोप शाबीत होत नाही. ढेकूण चावल्याची खूण काहींच्या अंगावर लगेच उठते, काहींच्या अंगावर कितीतरी दिवसांनी, आणि काहींच्या अंगावर उठतच नाही. म्हणजे आज जी गांधी दिसते ती कालच्या गावची, परवाच्या गावची की त्याही मागची, हे सांगणारा पुरावा नाही. भाचीला न उठलेल्या गांध्यांचाही मग वेगळा अर्थ लागला, आणि पिवळा रंग बिचारा तिथेच पडला. कोर्टात नेलं तर प्रत्येक आल्बेर्गे संशयाचा फायदा मिळून सुटेल. पंचतंत्रात हा निकाल फार पूर्वी लागलेला आहे. राजाच्या बिछान्यात मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखाने राहत असते. अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो, राजाला झोप लागायच्या आतच कडकडून चावतो आणि फटीत पसार होतो. सेवक बिछाना झाडतात, त्यांना ऊ सापडते, ते तिला मारतात. प्रकरण बंद.

त्या तरुणाने आमचा प्रवेश मात्र नाकारला नाही. त्याने काळ्या प्लास्टिकच्या मोठाल्या पिशव्या काढल्या आणि आम्हाला मागच्या अंगणात नेलं. तिथे वॉशिंग मशीन आणि ड्रायर होता. ढेकणाला औषधापेक्षा उष्णता अधिक कळते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने त्याला युरोप-अमेरिकेतून जवळजवळ हद्दपार केलं होतं. पण 1990 च्या दशकाअखेरीपासून तो परतला तो औषधं पचवूनच. विमानप्रवास स्वस्त झाल्याचा फायदा आपल्याआधी त्याने घेतला. साध्या फवाऱ्यातल्या औषधांना आता तो फारशी दाद देत नाही. पन्नास अंशांच्या पुढच्या उष्णतेत मात्र टिकत नाही. म्हणून बॅगेतलं प्रत्येक कापड ड्रायरमध्ये गेलंच पाहिजे, असा त्या तरुणाचा आग्रह.

“प्रत्येक,” तो माझ्या शर्टाकडे पाहत पुन्हा म्हणाला.

माझ्याकडे पाठीवरची बॅग झाकली जाईल असा पावसाळी पाँचो होता. तो रबरी असल्याने ड्रायरमध्ये चालत नव्हता. तर त्या लख्ख उन्हात, मेसेताच्या पठारावर, आकाशात ढगाचा ठिपका नसताना मी फक्त पाँचो घालून अंगणातल्या बाकावर बसलो होतो. शेजारी आणखी एक पाँचो होता. त्यात एक जर्मन गृहस्थ होते. आम्ही एकमेकांना ‘बुएन कामिनो’ म्हटलं आणि पलीकडच्या भिंतीकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “इंडिया?” मी हो म्हटलं. ते बाकावर किंचित पलीकडे सरकले. मीही ‘जर्मनी?’ असं विचारून तेवढाच सरकलो. ड्रायर संपेपर्यंत बाकाचा मधला सगळा भाग रिकामा होता.

रात्री ताईला फोन केला. ती मेसेताचं वर्णन ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती.

“ते काही घरात आणू नका दोघं.”

“अगं, सगळं भाजून काढलंय.”

“तुझ्या अंगावरचं पण?”

मी विषय बदलायला तिला बाल्कन देशांतली युक्ती सांगितली. तिकडे पूर्वी रात्री पलंगाभोवती घेवड्याच्या जातीच्या एका शेंगवेलीची पानं पसरत. सकाळी पानांवर ढेकूण अडकलेले असत, ती पानं जाळून टाकत. 2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा कळलं की, त्या पानांवर आकड्यासारखी बारीक लव असते आणि ती ढेकणाच्या पायातच रुतते. ताईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग कोवळ्या पानांची भाजी होते का?”

आम्ही सांतियागोला पोहोचलो, प्रमाणपत्र घेतलं, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ठाण्याला परतलो. ताईने दारातच अडवलं. बॅगा लिफ्टमधून परस्पर गच्चीवर, काळ्या पिशव्यांत बांधून, उन्हात. आम्ही तसेच बाथरूममध्ये. वाटेवरच्या शिक्क्यांची माझी यात्रेकरू-पुस्तिका उन्हात टाकायला मन धजेना, ती तिने फ्रीझरमध्ये ठेवली. उणे अठरा अंशांत चार दिवस ठेवलं की ढेकूण, अंडी, सगळं मरतं, हे भाचीचं संशोधन. पुस्तिकेला आजही मटारचा वास येतो. घरी एकही ढेकूण आला नाही.

गच्चीवरच्या काळ्या पिशव्या मात्र सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, ताईने खरं काय ते सांगितलं. चाळीतली सवय. त्यानंतर आमच्याबरोबर लिफ्टमध्ये कुणी चढेना. दिवाळीच्या साफसफाईत खुद्द सेक्रेटरींच्या सोफ्यात ढेकूण निघाले आणि दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली की, परदेशवारीहून परतणाऱ्या सभासदांनी आपले सामान निर्जंतुक केल्याचे कार्यालयास लेखी कळवावे. खाली आमचं नाव नव्हतं. आमच्या मजल्याचा क्रमांक होता.

भाचीला हे सहन झालं नाही. ती त्यांच्या घरी गेली, एक ढेकूण मागून घेतला (त्यांनी तो काडेपेटीतून, पाठ फिरवून दिला) आणि भिंगाखाली पाहिला. युरोपात आढळतो त्या जातीची मान रुंद आणि कडा पसरट असतात. उष्ण देशांत जी जात जास्त करून आढळते, तिची मान त्यामानाने अरुंद. तिने मोबाइलवर दोन्हींची चित्रं काढून सेक्रेटरींसमोर धरली.

“काका, बघा. हा स्पेनचा नाही. आपल्याकडचाच आहे.”

सेक्रेटरींनी चष्मा लावून दोन्ही चित्रं पाहिली, मग काडेपेटीत पाहिलं, मग पुन्हा चित्रं पाहिली. विज्ञानापुढे त्यांनी मान तुकवली असावी, कारण बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

“मग तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा,” ते म्हणाले आणि काडेपेटी घेऊन जिना चढू लागले.